‘शिबिर संपन्न’ ही बातमी मी वीस वर्षं लिहिली

पोस्ट मोठी आहे मित्रांनो. सवडीनं वाचा, पण अर्धवट सोडू नका. वाचून झाल्यावर घरातल्या बायकांनाही वाचायला द्या. राजकारण नाही यात. म्हणजे थोडं आहे, पण पक्षाचं नाही.

तालुक्याच्या ठिकाणी पत्रकारिता करणाऱ्या प्रत्येकाकडं एक तयार बातमी असते. ‘अमुक यांच्या वाढदिवसानिमित्त आयोजित मोफत आरोग्य तपासणी शिबिराचा 312 महिलांनी लाभ घेतला. प्रास्ताविक यांनी केले, सूत्रसंचालन त्यांनी केले, आभार आणखी कोणी मानले.’ नाव बदलायचं, आकडा बदलायचा, फोटो लावायचा आणि पाठवून द्यायचं. पत्रकारितेचा डिप्लोमा करून आलो तेव्हापासून बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत ही बातमी मी किती वेळा लिहिली असेल याची मोजदाद नाही. दोनशे वेळा तरी नक्की. त्यातल्या बऱ्याच बातम्यांत ‘कर्करोग तपासणी’ हे शब्द आहेत.

मागच्या महिन्यात एका नर्सिंग कॉलेजात मला बोलावलं होतं. विषय होता ‘आरोग्य आणि प्रसारमाध्यमे’. मी नेहमीचं बोललो. समाजप्रबोधन, जबाबदारी, वगैरे. शेवटी दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला.

“सर, शिबिरात कॅन्सरची तपासणी झाली असं बातमीत असतं. पण नेमकी कोणती तपासणी झाली, किती जणींमध्ये काही सापडलं आणि त्यांचं पुढं काय झालं, हे कधीच नसतं. ते का नसतं?”

मी म्हणालो, “जागा कमी असते.”

मुली हसल्या. तीही हसली. मीही हसून वेळ मारून नेली. पण गाडीवरून घरी येईपर्यंत तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. खरं उत्तर जागेचं नव्हतंच. मी कधी विचारलंच नव्हतं, हे खरं उत्तर. आणि न विचारण्याची किंमत माझ्याच घरानं मोजलेली आहे.

आमचं गाव बारामती–इंदापूर रस्त्याला लागून. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी अशी गावं ज्या रस्त्यावर लागतात तोच रस्ता, तुकोबांची पालखी जाते तो. 2010 साली गावात महिलांसाठी कर्करोग तपासणी शिबिर झालं. बातमी मीच केली, फोटोही मीच काढला. शाळेच्या पटांगणात मांडव, पुढं पाहुणे, मागं बायका. तिसऱ्या रांगेत डोक्यावर पदर घेतलेली, कॅमेऱ्याकडं न बघता खाली बघणारी बाई म्हणजे माझी काकू.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर काकू आजारी असल्याचं कळलं. कळलं म्हणजे आईनं मला सांगितलं, तेही आडून आडून. पाळी जाऊन सहा-सात वर्षं झालेली आणि पुन्हा अंगावरून जायला लागलेलं. किती दिवस? तर आठ महिने. आठ महिने ती बाई शेतात गेली, धारा काढल्या, हरिपाठाला बसायचं मात्र तिनं बंद केलं होतं. घरात सगळ्यांना वाटलं, गुडघे दुखत असतील.

“काकू, आधी का नाही सांगितलं?”

“आरं, काय सांगायचं? आन् कुनाला सांगायचं? वाटलं उष्णतेनं असंल. तुमच्या त्या शिबिरात तर गेलेच हुते की. त्यांनी गोळ्या दिल्या हुत्या.”

मी विचारलं, कसल्या गोळ्या? तर रक्तवाढीच्या. आणि तपासणी? बीपी बघितलं, वजन केलं, एका डॉक्टरीण बाईंनी माईकवरून माहिती सांगितली. मग आठवलं. त्या पटांगणात पडदा नव्हता, झोपून तपासायचं टेबल नव्हतं. तिथं आतून तपासणी होणं शक्यच नव्हतं. पण काकूच्या मनात ‘आपली कॅन्सरची तपासणी झालेली आहे’ हे पक्कं बसलं होतं. आणि माझ्या बातमीतल्या ‘लाभ घेतला’च्या आकड्यात तीही एक होती.

‘अंगावरून जाणं’ आणि ‘अंगावर काढणं’ हे दोन्ही शब्दप्रयोग आपल्याकडं बायकांच्याच वाट्याला का आलेत, हे मला त्या वर्षी समजलं.

काकूला गर्भाशयमुखाचा कॅन्सर होता. म्हणजे पिशवीच्या तोंडाचा. तिसरी स्टेज. उपचारांसाठी तिला बार्शीला नेलं. इंदापूरहून टेंभुर्णी, कुर्डुवाडी आणि बार्शी. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात लोकांनी आपुलकीनं केलं सगळं. पण फार उशीर झाला होता. 2013 च्या उन्हाळ्यात काकू गेली.

आता सांगतो ती गोष्ट मला बरीच उशिरा कळली, आणि पत्रकार म्हणवून घ्यायची लाज वाटली. ज्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी 2011 साली डबा घेऊन बसायचो, त्या हॉस्पिटलच्या लोकांनी नेमक्या याच कॅन्सरवर साऱ्या जगाला धडा घालून दिला होता. आमच्या घरापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर. आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

1987 साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या गावांसाठी. तोवर कॅन्सरचे आकडे म्हणजे मुंबईसारख्या शहरांचे आकडे. खेड्यातला माणूस कॅन्सरनं मेला तर ‘आजारी होता, गेला’ एवढीच नोंद. बार्शीच्या लोकांनी वेगळा मार्ग धरला. पेशंट येण्याची वाट बघत न बसता कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांना लक्षणं सांगितली, संशयित पेशंट शोधले, त्यांना तपासणीला आणलं. त्या नोंदीतून दिसलं, की खेड्यातल्या बायकांना सगळ्यात जास्त गाठतो तो गर्भाशयमुखाचा कॅन्सर. आणि आणखी एक दिसलं. नुसतं गावात जाऊन समजावून सांगितलं, तरी बायका आधीच्या तुलनेत लवकरच्या स्टेजला येऊ लागल्या.

मग 1999 साली शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून केलेला. डॉ. आर. शंकरनारायणन आणि बार्शीचे डॉ. बी. एम. नेने ही त्यातली महत्त्वाची नावं. 30 ते 59 वयाच्या, कसलाही त्रास नसलेल्या 1 लाख 31 हजार 746 बायका. गावांचे 52 गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार भागांत वाटले. एका भागात एचपीव्ही या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगर लावून डोळ्यांनी बघायची तपासणी. चौथ्या भागात नेहमीसारखंच, म्हणजे वेगळी तपासणी नाही. तपासणी एकदाच करायची, काही सापडलं तर उपचार करायचे आणि मग वर्षानुवर्षं माग ठेवायचा.

निकाल 2009 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. एचपीव्ही तपासणी झालेल्या सुमारे 34 हजार बायकांमध्ये आठ वर्षांत या कॅन्सरनं 34 मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या साडेएकतीस हजार बायकांमध्ये 64. पुढच्या स्टेजला सापडलेले कॅन्सर पहिल्या गटात 39, दुसऱ्या गटात 82. आयुष्यात एकदा केलेल्या एका तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभरचे डॉक्टर आज एचपीव्ही तपासणीचं महत्त्व सांगतात तेव्हा ज्या बायकांचा दाखला देतात, त्या आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या, ज्वारी खुडणाऱ्या आणि शेळ्या राखणाऱ्या बायका आहेत.

त्या 64 जणींवरून पुढं वादही झाला. इतक्या बायकांना तपासणीविना का ठेवलं, असा. प्रश्न योग्यच आहे, डॉक्टरकी शिकणाऱ्यांनी त्यावर जरूर विचार करावा. पण माझ्या मनात दुसराच विचार येतो. सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे 2019–21 चे आकडे बघा. देशात 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या किती? 1.9 टक्के. स्तनाची 0.9. तोंडाची 0.9. म्हणजे निकाल लागून इतकी वर्षं झाली तरी आपल्या आया-बहिणी जवळपास सगळ्या त्या चौथ्याच भागात आहेत. आणि आता तर कुणी अभ्यासही करत नाहीये. नुसत्याच बसल्यात.

काकू त्या चौथ्या भागातली होती. फक्त तिला वाटत होतं की ती पहिल्या भागात आहे. माझ्या बातमीमुळं.

आता थोडं समजून घेऊ. मी डॉक्टर नाही. जे डॉक्टरांकडून, सिस्टरांकडून ऐकलं आणि वाचलं, ते आपल्या भाषेत सांगतो. आरोग्य शिकणाऱ्या पोरा-पोरींनी चूक असेल तर खाली दुरुस्त करावं.

पहिली गोष्ट. त्रास झाल्यावर दवाखान्यात जाणं याला निदान म्हणतात. स्क्रीनिंग म्हणजे काहीच होत नसताना केलेली तपासणी. आपल्याकडं सगळा घोळ इथंच होतो. ‘मला काय झालंय म्हणून तपासू?’ असं बाई म्हणते. अगं, काही झालेलं नाही म्हणूनच तर तपासायचं. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. एचपीव्हीचा संसर्ग होतो, बहुतेकींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत तो आपोआप निघून जातो. काहींच्यात टिकून राहतो. त्यातून पेशी हळूहळू बदलतात. कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं जातात. तोवर दुखत नाही, खुपत नाही. या पंधरा-वीस वर्षांत एकदा जरी बघितलं, तरी तो बिघडलेला भाग गोठवून किंवा भाजून काढता येतो. कॅन्सर होण्याआधीच. भरती व्हायला लागत नाही, पिशवीही काढावी लागत नाही.

आणि हो, हा विषाणू शरीरसंबंधातून येतो म्हटल्यावर लगेच बाईच्या चारित्र्याकडं बोट दाखवू नका. लग्न झालेल्या, संसार करणाऱ्या बहुतेक सगळ्याच माणसांना तो कधी ना कधी होऊन जातो. बाईला आणि पुरुषालाही. सर्दी झाली म्हणून आपण कुणाचं चारित्र्य तपासतो का?

दुसरी गोष्ट, व्हिनेगरची. पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड पिशवीच्या तोंडाला लावायचं, मिनिटभर थांबायचं, उजेडात बघायचं. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. खर्च किरकोळ, निकाल तिथल्या तिथं. उस्मानाबादच्या अभ्यासात एकदाच केलेल्या या तपासणीनं मृत्यूंमध्ये ठळक फरक पडला नाही, हेही खरं. पण मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या टीमनं हीच तपासणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा केली. करणाऱ्या कोण? दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या बायका. 2013 साली जाहीर झालेल्या त्या निकालात मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले होते. म्हणजे तपासणीचं नाव काय, एवढ्यावर भागत नाही. कोणी केली, किती वेळा केली आणि सापडल्यावर काय केलं, यावर सगळं आहे.

तिसरी. ‘कॅन्सर तपासणी’ नावाची एकच तपासणी नसते. आपल्या सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर दर पाच वर्षांनी तीन तपासण्या आहेत. तोंडाची, सगळ्यांसाठी. स्तनाची आणि गर्भाशयमुखाची, बायकांसाठी. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात तो याचसाठी. त्यांना दारातून वाटेला लावू नका. आणि शहरातल्या लॅबच्या ‘फुल बॉडी पॅकेज’मध्ये कॅन्सरच्या नावानं ज्या रक्ताच्या तपासण्या लावतात ना, त्रास नसलेल्या माणसात कॅन्सर शोधायला त्या भरवशाच्या नाहीत. दोन-चार हजार घालवण्याआधी आपल्या उपकेंद्रात विचारा.

तपासणीच्या आधीचं पाऊल म्हणजे कॅन्सर होऊच न देणं. त्यातलं एक म्हणजे लस. एचपीव्हीची भारतीय बनावटीची लस आपल्याच पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं तयार केली, 2023 पासून ती बाजारात आहे. 9 ते 14 वयात दिली तर सगळ्यात उपयोगाची. पण लस घेतलेल्या मुलीलाही मोठेपणी तपासणी लागतेच, हे लक्षात ठेवा.

दुसरं पाऊल तंबाखूचं. आणि इथं आता माझी पाळी.

त्या कॉलेजात कार्यक्रम झाल्यावर मुलींनी तोंड तपासणीचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. कोणीतरी पुढं यायचं. प्राध्यापक बाई म्हणाल्या, “सर, तुम्हीच बसा.” नाही कसं म्हणणार? त्याच प्रश्न विचारणाऱ्या मुलीनं टॉर्च घेतली.

“सर, तंबाखू खाता?”

“कधीतरी.”

खोटं बोललो. कोर्टाच्या पायऱ्यांवर, पंचायत समितीच्या आवारात, निकालाच्या रात्री, बातमीची वाट बघत वीस वर्षं मळलेली आहे. शिवाय गुटखाबंदी 2012 पासून आहे, तिच्या बातम्याही मीच लिहिल्यात, आणि त्या लिहिताना गालात मावा असायचा. तिनं तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. गेली. मग जीभ वर, जीभ बाजूला, गाल ताणून आत उजेड.

“सर, डाव्या गालात पांढरा चट्टा आहे. पुसून जात नाहीये. दाखवून घ्या.”

तंबाखू तिथंच धरायची सवय माझी. डाव्या गालात.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “अहो, मी दहा वर्षं ओरडतेय, तेव्हा ऐकू आलं नाही. त्या पोरीनं बॅटरी लावली तेव्हा ऐकू आलं.” दातांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्टला आठ दिवस. त्या आठ दिवसांत मी काय काय विचार केले ते लिहीत नाही. एवढंच सांगतो, की तिसऱ्या रांगेतली, खाली बघणारी काकू रोज डोळ्यांपुढं येत होती.

सहाव्या दिवशी फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता.

“सर, मी बोलतेय, कॉलेजमधून. रिपोर्ट आला का?”

मी म्हणालो, अजून नाही. तिनं परवा पुन्हा फोन केला.

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. पण चट्टा पुढं बिघडू शकतो, म्हणून तंबाखू पूर्ण बंद आणि दर सहा महिन्यांनी दाखवायचं. आज सव्वीसावा दिवस. जमतंय. रात्री जीव कासावीस होतो, बडीशेप खातो. सुपारी नाही. सुपारीसुद्धा कॅन्सर करते, नुसती असली तरी. आणि ज्या माता-भगिनी सकाळी मशेरी लावतात त्यांनीही ‘आम्ही कुठं तंबाखू खातो’ असं म्हणू नये. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. केरळात तिरुवनंतपुरमला असाच मोठा अभ्यास झालाय. तंबाखू खाणाऱ्या, दारू पिणाऱ्यांची नुसती तोंडं नियमित तपासली, तर तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी झाले. टॉर्च, बघणारी माणसं आणि तोंड उघडायची तयारी. त्याला मोठी मशिनरी लागली नाही.

पण माझ्या मते त्या मुलीनं केलेलं सगळ्यात मोठं काम टॉर्च लावणं नव्हतं. दुसऱ्यांदा फोन करणं, हे होतं.

बार्शीवाल्यांनी हेच केलं होतं. घरोघरी जाऊन यादी, यादीतल्या बाईला बोलावणं, तपासणी, निकाल, ज्यांच्यात सापडलं त्यांना उपचार, आणि मग माग. साखळी आहे ती. एक कडी तुटली की पुढचं सगळं वाया. आपल्याकडची शिबिरं दुसऱ्या-तिसऱ्या कडीलाच संपतात, कारण तिथं फोटो निघालेला असतो.

आता शेवटचं, आणि हे आपल्या दोन्ही तालुक्यांचं आहे.

उसाचा हंगाम सुरू झाला की बीडकडून टोळ्या येतात. उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, एक दिवस चुकला तर खाडा. गेल्या हंगामात एका फडाशेजारच्या कोप्यांवर मजुरीच्या बातमीसाठी गेलो होतो. चहा देणारी बाई अठ्ठावीस-तीस वर्षांची. बोलता बोलता म्हणाली, पिशवी काढलीय.

“का काढली, ताई?”

“पांढरं जायचं. डॉक्टर म्हनले, ठिवली तर क्यान्सर व्हतो.”

“मग कॅन्सरची तपासणी केली होती का?”

“पोटाचा फोटू काढला व्हता की.”

पोटाचा फोटो म्हणजे सोनोग्राफी. पिशवीच्या तोंडावरचे सुरुवातीचे बदल सोनोग्राफीत दिसत नाहीत. पांढरं जाण्याचं कारण बहुतेकदा साधा संसर्ग असतो, औषधानं बरा होणारा. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीसाठी बीड जिल्ह्यात 82 हजार 309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13 हजार 861 जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. सगळ्या कॅन्सरच्या भीतीनं काढल्या असं मी म्हणत नाही. काहींना गरज असेल. पाळीत खाडा परवडत नाही, हेही त्यात आहे. पण कॅन्सर हा शब्द वापरून भीती घातल्याचं त्या बायकांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय.

बघा कसं आहे. काकूला खोटा धीर मिळाला आणि या ताईला खोटी भीती. दोघींची तपासणी झालीच नाही. तपासणी नसते तिथं हे दोनच उरतात.

आणि ही ताई कुठल्या यादीत आहे? हंगामात ती गावी नसते, त्यामुळं तिथल्या आशाताईला सापडत नाही. इथं सहा महिने असते, पण इथल्या यादीत तिचं घर नाही, कारण कोपीला घर म्हणत नाहीत. तिनं तोडलेल्या उसावर आपले कारखाने चालतात, आपली बाजारपेठ चालते, आपल्या जाहिराती चालतात. निदान जिथं ऊस तोडते तिथं तिला एक टेबल, एक पडदा आणि एक प्रशिक्षित सिस्टर मिळावी, ही मागणी मी इथं जाहीरपणे करतोय. कारखान्यांच्या संचालकांनी, बाजार समितीच्या मंडळींनी, दोन्ही तालुक्यांतल्या पुढाऱ्यांनी ऐकावं. वाढदिवसाचा खर्च तसाही होतोच.

मी माझ्यापुरतं ठरवलंय. इथून पुढं कॅन्सर तपासणी शिबिराची बातमी पाठवणाऱ्यांनी सोबत पाच उत्तरं पाठवायची. नाहीतर बातमी लागणार नाही, ओळख कितीही असली तरी.

1. तपासणी नेमकी कोणती केली? तोंड, स्तन की गर्भाशयमुख?
2. कोणी केली, आणि आडोसा होता का?
3. किती जणांना पुढच्या तपासणीची गरज सांगितली?
4. त्यांना कुठं पाठवलं, आणि त्यांच्याकडं लेखी काय दिलं?
5. महिन्यानंतर त्यातले किती जण तिथं पोचले, हे कोण बघणार? त्याचं नाव.

पाचव्या प्रश्नाचं उत्तर घ्यायला मी महिन्यानं फोन करणार आहे. दुसरा फोन.

आणि वाचणाऱ्या ताई-वहिनी-काकूंनो, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेलं, संबंधानंतर गेलं, दोन पाळ्यांच्या मधेच गेलं, वास येणारं पाणी जात राहिलं, छातीत न दुखणारी गाठ लागली, तोंडातलं फोड-चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही, तर अंगावर काढू नका. शिबिराची वाट बघू नका. आणि यातलं काहीच होत नसेल आणि तिशी ओलांडली असेल, तर याच आठवड्यात उपकेंद्रात जाऊन सिस्टरला विचारा, की माझी तपासणी कधी करताय?

काकूचा तो फोटो माझ्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये आहे. काल शोधून काढला. इथं टाकत नाही, तिला आवडलं नसतं. पण फाइलला मीच दिलेलं नाव तेवढं सांगतो. ‘शिबिर संपन्न, अंतिम’.

पोस्ट कॉपी करून पुढं पाठवली तरी चालेल. माझं नाव नाही टाकलं तरी चालेल.